गुरुजींना डोंगरावर न्या

मावळातल्या बेडशाच्या लेण्यांत, चैत्यगृहाजवळ, कातळात कोरलेला एक लहानसा स्तूप आहे. दर्शनी खांबांवरच्या हत्ती-घोड्यांकडे मान वर करून बघत आत शिरणाऱ्यांचं त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. तिथला ब्राह्मी लेख बराच झिजलाय, पण जेवढा वाचला गेला आहे त्यातून कळतं ते असं: मारकूट इथे राहणारे, अरण्यवासी, भिक्षेवर जगणारे गोभूती यांचा हा स्तूप, आणि तो करवला त्यांच्या शिष्याने, आषाढमित्राने. बेडशात दानाचे लेखही आहेत. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याचा एक, पाण्याच्या टाक्यापाशी महाभोजाची मुलगी महारठिनी सामडिनिका हिचा दुसरा. पण रानात राहणाऱ्या गुरूची आठवण शिष्याने दगडात ठेवावी, हे मला त्या दानांहून मोलाचं वाटतं. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरावर शिकणं-शिकवणं चालू होतं आणि शिकवणारा माणूस त्याच डोंगरावर मुरलेला होता.

आजही इथे शिक्षक येतात. दिवाळीची सुट्टी संपली की सहलींचा हंगाम सुरू होतो. कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला लागलेल्या बसेस बेडसे गावापाशी थांबतात आणि चारशेच्या आसपास पायऱ्यांवर मुलांची रांग लागते. कार्ल्याच्या किंवा भाज्याच्या लेण्यांतली गर्दी इथे नसते, त्यामुळे मुलांना घेऊन दोन-तीन तास निवांत बसता येईल अशी ही जागा आहे. तरी बहुतेक शाळा पाऊण तासात खाली उतरतात.

गेल्या हिवाळ्यात सातवीच्या एका वर्गाच्या मागे मी चढत होतो. बरोबरच्या बाईंच्या गळ्यात शिट्टी, हातात हजेरीची यादी, खांद्याला प्रथमोपचाराची पेटी. वर पोचल्यावर त्यांनी दोनदा मुलं मोजली, रांगेने आत पाठवली, रांगेने बाहेर आणली, फोटो काढला. एका मुलीने व्हरांड्याच्या भिंतीवरची कठड्याची आणि खिडक्यांची कोरीव नक्षी दाखवून विचारलं की दगडात लाकडी घरासारखं का कोरलंय. बाईंनी तिला शाळेत गेल्यावर बघू असं सांगितलं आणि पुन्हा मुलं मोजायला लागल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चाळीस मुलं आणि दोन मोठी माणसं असताना मोजणं हेच पहिलं काम. पण त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिथून काही किलोमीटरवर, कार्ल्याच्या छतात, अजून शाबूत आहे: दगडी छताखाली बसवलेल्या खऱ्या लाकडी कमानी. आधी लाकडात बांधणाऱ्या हातांनी मग दगड कोरला आणि ओळखीचे आकार त्यात उतरवले. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. ते बाईंना कुणी, कधी, कुठे सांगायचं, याची सोय आपण केलेली नाही. माझी तक्रार आहे ती या सोयीबद्दल.

सोय नसली तरी पर्यावरण शिकवण्याचा आदेश आपल्याकडे जुना आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सगळ्या पातळ्यांवर सक्तीचा करायला सांगितलं. अंमलबजावणी रेंगाळली म्हणून २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला आणि त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. एरक भरुचांनी. शाळांमध्ये परिसर अभ्यास होताच, पुढे राष्ट्रीय हरित सेना आली, २०२० मध्ये माझी वसुंधरा अभियान आलं. म्हणजे विषय आला, पुस्तक आलं, तासिका आली, गुणही आले. ते पुस्तक हातात घेऊन उभं राहणाऱ्या माणसाला ओढ्याकाठी नेऊन उभं करणं मात्र राहिलं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे. त्याच धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे. दोन्ही तरतुदी चांगल्या आहेत. त्या एकमेकींना भेटल्या पाहिजेत. आज सेवांतर्गत प्रशिक्षण म्हटलं की शिक्षकाच्या डोळ्यांसमोर सभागृह, पडद्यावरच्या पाट्या, चहा, सहीचा कागद, नाहीतर मोबाइलवरचे व्हिडिओ आणि शेवटची प्रश्नमंजूषा येते. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणी, त्यासाठीचं प्रशिक्षण चुकवून चालत नाही, म्हणून तेही होतं. यातून शिक्षक काहीच शिकत नाहीत असं नाही. पण मुलांना दप्तराविना रानात न्यायचं असेल, तर ते कसं न्यायचं हे पडद्यावर शिकता येत नाही. पोहायला शिकवणाऱ्याला आपण काठावर बसवून पोहणं शिकवत नाही.

मराठी मुलखाला ही गोष्ट नवी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ तिथे आल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत, हे पाहिल्यावर शाळाच कुरणात गेली. कुरणशाळा. पानं, बिया, दगड, काटक्या हीच साधनं. कुरणात शिकवायचं तर शिकवणारी बाई कुरणातच तयार व्हायला हवी, हे त्या दोघींना ठाऊक होतं, म्हणून मुलांच्या शाळेबरोबर बालसेविकांचं शिक्षणही त्यांनी उभं केलं. अनुताई स्वतः बी.ए. झाल्या १९६१ मध्ये, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर. शिक्षकाने नोकरीत राहून शिकत राहावं याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आता बेडशावरच्या शिक्षकाला काय काय यायला हवं ते बघू.

पायऱ्या चढताना पहिला विषय पायाखालचा. हा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. एका थरात भोकं, त्यांत पांढरे खनिजांचे दाणे, दुसरा थर घट्ट. लेणी कोरणाऱ्यांनी कातळ पारखून जागा निवडली. मग पाऊस. लोणावळ्याला वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्याला सातशेच्या घरात, आणि दोन्हींत अंतर जेमतेम ६५ किलोमीटरचं. बेडसे या उताराच्या मधल्या टप्प्यावर आहे. पश्चिमेकडची झाडी आणि पूर्वेकडची माळरानं यांच्यात फरक का, हे लेण्यापुढच्या कट्ट्यावर उभं राहून बोटाने दाखवता येतं. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी, भाद्रपदात उतारांवर पसरणारी सोनकी आणि तेरडा, लेण्यात लटकणारी वटवाघळं, दगडाच्या कपारीत घरटी करणाऱ्या पाकोळ्या, हे सगळं त्या-त्या वेळी तिथे जाणाऱ्यालाच भेटतं.

आणि चैत्यगृहाच्या भिंती. इथे एकेकाळी रंगीत चित्रांचे अवशेष होते. १८६१ च्या सुमाराला साहेब येणार म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी लेणं साफ करून रंगवून घेतलं आणि चित्रं गेली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. माहिती नव्हती एवढंच. लेण्यात खडूने नाव लिहिणाऱ्या मुलाला ओरडण्याऐवजी ही हकीकत सांगितली तर तो खडू खाली ठेवतो, हे मी पाहिलेलं आहे.

एवढं सगळं एका माणसाला येणार कसं? नाही येणार, आणि यावं अशी अपेक्षाही नको. पण यातलं एकेक शिकवणाऱ्या जागा महाराष्ट्रात आहेत, आणि त्या शिक्षकांना पुरेशा ठाऊक नाहीत. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये पुण्यात स्थापन केलेली इकॉलॉजिकल सोसायटी वर्षभराचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालवते. तो नोकरी सांभाळून करता येतो आणि क्षेत्रभेटी हा त्याचा कणा आहे. जमीन, पाणी, जंगल यांचं एकमेकांशी काय नातं ते कळायचं असेल तर माझी पहिली शिफारस याची. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासूनची. पक्षी, वनस्पती, कीटक, सरपटणारे प्राणी यांचे तिचे अभ्यासक्रम पिढ्यान् पिढ्यांनी केले आहेत आणि गोरेगावला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला तिचं संवर्धन शिक्षण केंद्र आहे. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था १९९३ पासून आहे, आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधता हा विषय घेऊन एम.एस्सी. करता येतं, सेंटर फॉर एन्व्हायर्न्मेंट एज्युकेशनचं कार्यालय आहे. मावळातल्या शिक्षकाला यातलं बरंचसं लोकलने एका दिवसात जाऊन-येऊन जमण्यासारखं आहे.

अडचण वेगळीच. बऱ्याच अभ्यासक्रमांची भाषा इंग्रजी. फी खिशातून भरायची. रविवार द्यायचे, आणि शिक्षकाचे रविवार मतदारयाद्या, सर्वेक्षणं आणि परीक्षांनी आधीच खाल्लेले असतात. एवढं करून मिळालेलं प्रमाणपत्र सेवापुस्तकात कुठे चढणार, याची खात्री नाही. ज्याला मुळातच ओढ आहे तोच जातो. ओढ असलेल्यांनी आजवर खूप केलं आहे, पण जिल्हा परिषदेच्या शाळांचा डोलारा थोड्या जणांच्या हौसेवर चालवता येत नाही.

दुसरा विषय जिवाचा आहे आणि त्यावर मला जास्त बोलायचं आहे.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला याच मावळ तालुक्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा पूल कोसळून चार जण गेले. शेवटच्या दोन घटना शाळा-कॉलेजच्या सहलींच्या नव्हत्या. पण मुलांना बाहेर नेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात अशा बातम्या घर करून असतात, आणि दरवेळी नियमांची यादी वाढते: पालकांचं हमीपत्र, परवानगी, मुलांमागे शिक्षक किती, बसचा परवाना. साहसी उपक्रमांसाठीही राज्य सरकारने २०१४ मध्ये, मग २०१८ मध्ये नियम काढले आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. नियम हवेतच. पण कागद पूर्ण केल्याने पाण्याकडे बघायची नजर येत नाही. वर ढगफुटीसारखा पाऊस लागला की खालच्या ओढ्याचा रंग आधी बदलतो, मग त्यात काटक्या-पाला येतो, मग लोंढा. तो रंग ओळखणारा शिक्षक मुलांना वेळेत बाहेर काढेल.

बेडशाचं बोलायचं तर इथला मोठा धोका पाण्याचा नसून मधमाश्यांचा आहे. सह्याद्रीतल्या कडेकपारींना, लेण्यांच्या दर्शनी भागांना आग्या मोहोळं लागतात. धूर, दगड, आरडाओरडा याने ती उठतात. एका माशीने डंख मारला की तिथे राहणाऱ्या वासाने बाकीच्या त्याच जागी येतात, म्हणून हात झटकत तिथेच उभं राहणं सगळ्यात वाईट. तोंड-डोकं झाकून लांब पळायचं, शक्य तर बंदिस्त जागेत शिरायचं, बाहेर पडल्यावर डंख नखाने खरवडून लगेच काढायचे. विषाची पिशवी डंखाबरोबर राहिलेली असते, त्यामुळे इथे सेकंद महत्त्वाचे. ओठ सुजले, श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या, तर ते प्रथमोपचाराच्या पेटीपलीकडचं आहे, दवाखाना गाठायचा. पण हे वाचून येत नाही. चाळीस मुलं किंचाळत असताना चारशे पायऱ्यांच्या वाटेवर कुणाला पुढे काढायचं, मागे कोण थांबणार, पायरीवर पडलेल्याला कसं उचलायचं, याची रंगीत तालीम करावी लागते. गिर्यारोहकांत पुढे लीड आणि मागे टेल असे दोन ठरलेले असतात, आणि टेलच्या मागे कुणीही राहत नाही. एवढी एक सवय शाळांनी उचलली तरी पुष्कळ.

गिर्यारोहणाचं प्रशिक्षण आपल्याकडे उत्तम आहे. दार्जिलिंगची संस्था १९५४ ची, उत्तरकाशीची १९६५ ची. उत्तरकाशीचा बेसिक कोर्स २८ दिवसांचा, त्यापुढे ॲडव्हान्स, शोध व बचाव, आणि शिकवण्याचं तंत्र शिकवणारा वेगळा कोर्स. पुण्यात १९८२ पासून काम करणाऱ्या गिरिप्रेमीने २०१२ मध्ये एव्हरेस्ट केलं आणि २०१५ मध्ये गार्डियन गिरिप्रेमी ही प्रशिक्षण संस्था काढली. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र पथक तर दऱ्यांतून माणसं बाहेर काढण्याचं काम वर्षानुवर्षं करतंय. हे ऋण मावळाने विसरू नये. पण कडा चढता येणं आणि बारा वर्षांच्या मुलांचा गट सांभाळणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. उत्तम प्रस्तरारोहक मुलांशी बोलताना गांगरलेला मी पाहिलाय, आणि मुलांवर जीव लावणाऱ्या बाई घसरड्या उतारावर पाय कसा टाकायचा हे न कळून घाबरलेल्याही. दोघांनी एकमेकांकडून शिकायला हवं. परदेशात ही सांगड जुनी आहे. कुर्ट हान यांनी १९४१ मध्ये वेल्समध्ये आउटवर्ड बाउंड सुरू केलं, अमेरिकेत पॉल पेट्झोल्टनी १९६५ मध्ये नोल्स ही तशीच संस्था काढली. दवाखान्यापासून दूर असताना करायच्या उपचारांचं सत्तर-ऐंशी तासांचं प्रशिक्षण त्याच वाटेने आपल्याकडे आलं. मसुरीच्या हॅनिफल केंद्रात ते मिळतं. मसुरीला मावळातली शिक्षिका जाणार नाही. त्या प्रशिक्षणाचा दोन दिवसांचा, मराठीतला, परवडणारा अवतार कामशेत-लोणावळ्यात नियमित व्हायला हवा, आणि तो करण्याची ताकद इथल्या गिर्यारोहण संस्थांत आहे.

ज्यांना आपण शिक्षक म्हणतच नाही असे शिक्षकही इथे आहेत. पवनेच्या काठी तंबूंचे कॅम्प उभे राहिले आणि आजूबाजूच्या गावांतली मुलं शनिवार-रविवार तिथे कामाला जाऊ लागली. तंबू ठोकणं, शेकोटी, नाश्ता, तिकोना किल्ल्यावर वाट दाखवणं. पाहुण्यांच्या मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना तेच उत्तरं देतात. रोजाच्या कामावर असलेल्या या मुलांना पुढे शिकायला मिळेल, चांगला रोज मिळेल, अशी एकही पायरी कुणी बांधून दिलेली नाही. त्यांना प्रथमोपचार, झाडं-पक्षी, लेण्यांचा इतिहास शिकवला तर शहरातून आणलेल्या इन्स्ट्रक्टरपेक्षा ते सरस ठरतील. या उताराच्या वाटा त्यांच्या पायांना ठाऊक आहेत. भाताचंही तसंच. इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आला. त्याची आवणी कशी करतात, खाचराचा बांध का राखतात, राब कशासाठी भाजतात, हे सांगायला जुलैत गुडघाभर चिखलात उभी असलेली मावशीच हवी. तिला बोलवा, आणि तज्ज्ञाला देता तेवढंच मानधन द्या.

लेण्याच्या कट्ट्यावरून पवनेचं खोरं बघताना एक अवघड गोष्टही शिक्षकाला सांगता यायला हवी. पिंपरी-चिंचवडहून सहलीला आलेली मुलं सकाळी घरून जे पाणी पिऊन निघाली, ते पवना धरणाचं. ते बंद जलवाहिनीने शहराला नेण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलीस गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले. बऊर इथून जवळच आहे. बरेच शिक्षक हा विषय टाळतात, राजकारण नको म्हणून. मला वाटतं, हे टाळून पाण्याचा धडा पुरा होत नाही. शहराची तहान खरी, शेतकऱ्याची भीतीही खरी, दोन्ही बाजू मुलांपुढे न चिडता, न लपवता कशा ठेवायच्या, हे शिकावं लागतं, आणि ते शिकवणारं प्रशिक्षण झाडं ओळखायला शिकवण्याइतकंच गरजेचं आहे.

यासाठी नवी संस्था, नवी इमारत लागत नाही. केंद्रस्तरावर शिक्षण परिषद भरतेच. आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र येतात, केंद्रप्रमुख असतात. ती बेडशावर भरवा. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपार मोकळी असते. महिन्यातून एक शनिवार, चार तास, वर्षभर एकच डोंगर. दर महिन्याला नवी जागा नको. जूनमध्ये कोरडं असलेलं टाकं ऑगस्टमध्ये भरून वाहतं, जानेवारीत निम्मं होतं, मेमध्ये तळाला जातं. हे एकाच टाक्याचं बघितलं की पाणलोट शब्द समजावून सांगावा लागत नाही. एका शनिवारी वनस्पतींचा जाणकार, एकदा पुरातत्त्वाचा, एकदा बचाव पथकाचे कार्यकर्ते, एकदा बेडशातलाच एखादा म्हातारा गुराखी. प्रत्येक शिक्षकाने त्या दिवशी वहीत एक पान लिहायचं: काय पाहिलं, मुलांना काय विचारता येईल, कुठे पाय घसरतो. वर्षाअखेरी त्या पानांचं एक पुस्तक होईल आणि पुढच्या वर्षी बदलून आलेल्या शिक्षकाच्या हाती ते देता येईल. सहलीच्या आधीची रेकी आपोआप झालेली असेल.

बारा शनिवारांचे ४८ तास होतात. उरलेले दोन तास लेण्याच्या पायऱ्यांवर, दोरी आणि बांबूचं स्ट्रेचर करून माणूस खाली आणण्याच्या सरावाला ठेवावेत. पन्नास पूर्ण. खर्च चहाचा, जाणकारांच्या मानधनाचा आणि कामशेतपासूनच्या जीपचा. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने हे तास वर्षाच्या प्रशिक्षणात धरले, पंचायत समितीने गाडीचा खर्च उचलला आणि राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने प्रमाणपत्रावर शिक्का दिला, तर जून उजाडताच सुरुवात करता येईल. पहिल्या शनिवारी छत्र्या नकोत, रेनकोट हवेत. पायऱ्यांवर शेवाळ असतं, दोन्ही हात मोकळे लागतात.